दर्भाचा कावळा

देवा, सर्वपित्रीचं पान गच्चीत ठेवून मी जिन्याच्या दारात उभा आहे. भात, खीर, गवारीची भाजी, आमसुलाची चटणी आणि वडे. आईला आवडायचे म्हणून वडे दोन जास्त. पाण्याच्या टाकीवर एक कावळा येऊन बसलाय, राखाडी मानेचा, आपला नेहमीचा गावकावळा. पानाकडे त्याचं लक्ष नाही, तो माझ्याकडे बघतोय. तेवढ्यात तुझ्याशी बोलून घेतो.

आईच्या दहाव्याला कावळा शिवला नव्हता, हे तुला माहीतच आहे. घाटावर पिंड मांडून आम्ही मागे सरलो. पिंपळावर आठ-दहा कावळे होते, पण एकही खाली उतरेना. मोठे मामा म्हणाले, "ताईचा जीव कशात अडकला असेल रे?" दादा हात जोडून पुढे झाला. "आई, धाकटीचं लग्न मी करून देईन." कावळे ढिम्म. काकू कुजबुजल्या, "पाटल्यांचं बोला." पाटल्यांचं बोलून झालं, गावच्या घराचं झालं. ऊन चढलं. शेवटी गुरुजींनी घड्याळ पाहिलं, दर्भाच्या काड्या वळून त्यांचा कावळा केला आणि पिंडाला लावला. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मीसुद्धा. त्या निःश्वासाची आज लाज वाटते. ज्याला विचारायला गेलो होतो त्याने तोंड उघडायच्या आत आमचंच उत्तर गवताच्या चोचीत घालून आम्ही मोकळे झालो.

त्यानंतर कावळ्यांविषयी हाती लागेल ते वाचत गेलो. श्रद्धा म्हण, खंत म्हण.

२००६ साली अमेरिकेत सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन मार्झलफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आदिमानवाचा रबरी मुखवटा चढवून सात कावळे धरले, त्यांच्या पायात कडी घातली आणि सोडून दिले. पुढे तो मुखवटा घालून कोणीही आवारातून चाललं, की कावळे डोक्यावर येऊन कल्ला करत. आतला माणूस बदलला तरी फरक पडत नसे. तुलनेसाठी दुसरा मुखवटा होता तो डिक चेनींचा, त्या वेळच्या उपराष्ट्राध्यक्षांचा. त्याच्या वाट्याला कावळे फारसे गेले नाहीत. (माणसांचं मत विचारलं असतं तर निकाल कदाचित उलटा लागला असता.) वर्षं गेली तशी ओरडणाऱ्यांची संख्या घटायच्या ऐवजी वाढत गेली. ज्यांना कधी कोणी हात लावला नव्हता तेही ओरडू लागले. पिल्लं आईबापांचं बघून शिकली.

त्याच विद्यापीठातल्या केली स्विफ्ट यांनी २०१५ साली मार्झलफ यांच्यासह एक निबंध प्रसिद्ध केला. तो वाचताना मात्र मी थबकलो. त्यांनी कावळ्यांना ठरावीक जागी खाऊ घालायला सुरुवात केली. मग एके दिवशी मुखवटा घातलेला माणूस हातात मेलेला कावळा धरून तिथे उभा राहिला. कावळे गोळा झाले, ओरडले, आणि पुढचे काही दिवस त्या जागच्या खाण्याकडे यायला बिचकू लागले. तो चेहरा कित्येक आठवडे त्यांच्या ध्यानात राहिला. आपल्यातला कोणी मेलेला दिसला की तिथे जमून कावळे धोका शिकून घेतात, एवढंच त्या निबंधाने म्हटलं. त्याच्या नावातही धोका आहे, शोक नाही.

आणि आम्ही मरणाच्या घाटावर भात मांडून त्यांची वाट बघत होतो.

माझं मन लगेच धावलं, देवा. त्या पिंपळावरच्या कावळ्यांना घाटाचं भय कळलं असेल. लहानपणी गलोलीने मी कावळ्याचं एक घरटं पाडलं होतं, तो चेहराही त्यांच्या पिढ्यांना ठाऊक असेल. म्हणजे आईचा जीव कशातच अडकला नव्हता, दोष माझाच होता. रात्रभर हे घोळवलं, रडलोही. सकाळी लक्षात आलं, की हाही दर्भाचाच कावळा. या वेळी काड्या सिॲटलहून आणल्या, एवढंच. तिथली कावळ्याची जात वेगळी, घाट वेगळा, आणि आमच्या पिंपळावरच्यांना कोणी काही विचारलेलंच नव्हतं.

या घाईतून मला सोडव. पण सोडवताना दुसऱ्या खड्ड्यात टाकू नकोस. तिथे शहाणी माणसं पाय सोडून बसलेली असतात आणि पाखराने काहीही केलं तरी म्हणतात, "कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली." ही म्हण खरं तर शास्त्राचं निम्मं काम आहे. गाठ योगायोगाने पडली की बसणाऱ्याला काही कळत होतं, हे ताडून बघण्यातच संशोधकांची आयुष्यं जातात. बसल्या जागेवरून म्हण फेकणाऱ्याला मात्र ताडायचं नसतंच.

बेटीची गोष्ट तुझ्या दरबारी पोचलीच असेल. न्यू कॅलेडोनिया बेटावरची ही कावळी ऑक्सफर्डच्या प्रयोगशाळेत होती. उभ्या नळीच्या तळाशी खाऊची इवलीशी बादली. जोडीदार आकडा असलेली तार घेऊन पसार झाला, तेव्हा बेटीने उरलेली सरळ तार स्वतःच वाकवली, तिचा आकडा केला आणि बादली वर ओढून काढली. २००२ साली ते छापून आलं आणि जगाने तोंडात बोट घातलं. पुढे २०१६ मध्ये दिसून आलं, की त्या बेटावरचे रानातले कावळे आपल्या काटक्या एरवीही वाकवतात. बेटी खोटी पडली नाही, पण तिच्या चोचीत आपण घातलेलं "मला आत्ताच सुचलं" हे वाक्य डळमळीत झालं. आपलं गाजलेलं उदाहरण असं हलताना बघून ज्यांनी ते मान्य केलं, त्यांच्या पायाची धूळ मला मिळू दे.

कावळ्याच्याच कुळात स्क्रब जे नावाचा निळसर पक्षी आहे. कॅलिफोर्नियात डेव्हिसच्या विद्यापीठात निकोला क्लेटन दुपारी बघत, मुलांच्या डब्यातलं उरलंसुरलं हे पक्षी पळवतात आणि पुरून ठेवतात. मग त्यांनी बर्फाच्या ट्रेमध्ये वाळू भरून पक्ष्यांपुढे ठेवली. काय साधं साधन! आमच्या फ्रीजमध्येही असेच दोन ट्रे आहेत आणि त्यातून आजवर बर्फाखेरीज काही निघालं नाही. पक्ष्यांनी त्या वाळूत शेंगदाणे आणि अळ्या पुरल्या. अळी त्यांची जास्त लाडकी, पण ती नासते. चार तासांनी सोडलं तर ते अळ्यांकडे जात. पाच दिवसांनी सोडलं, तर नासण्याचा अनुभव घेतलेले पक्षी अळ्या टाळून शेंगदाणे उकरत. काय पुरलं, कुठे आणि कधी, हे तिन्ही त्यांच्या हिशेबात होतं. १९९८ साली क्लेटन आणि अँथनी डिकिन्सन यांनी हे मांडलं.

त्याहून गंमत पुढची. पुरताना दुसरा पक्षी बघत असेल, तर नंतर एकांत मिळताच स्क्रब जे आपला ऐवज उकरून नव्या जागी लपवतो. पण सगळेच नव्हेत. ज्यांनी पूर्वी दुसऱ्याचं चोरलं होतं, तेच. चोराच्या मनात चांदणं! क्लेटन आणि नेथन एमरी यांचं हे काम २००१ चं. मी दोन दिवस हसत होतो, मग गप्प झालो, कारण पाटल्यांची आठवण काकूंनाच का झाली हे मला ठाऊक होतं. पण इथेही घाई नको. २०१२ साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी संगणकात एक पक्षी रचला. दुसऱ्याच्या मनाचा त्याला पत्ताच नव्हता, त्याला फक्त ताण येई आणि ताण आला की तो जास्त लपवे. तोही बराचसा तसाच वागला. आता मन की ताण? दोन्ही बाजूंची माणसं अजून नवे प्रयोग मांडत आहेत. त्यांच्या वाळूला आणि धीराला तुझा हात लागू दे.

एका ठिकाणी मला काय मागावं ते कळत नाही. जर्मनीत ट्युबिंगेनला आंद्रेआस नीडर यांच्या प्रयोगशाळेत दोन कावळ्यांना पडद्यावर पुसट खूण दाखवत आणि दिसली की नाही ते ठरल्या इशाऱ्याने सांगायला शिकवत. खूण जेमतेम दिसेल अशी ठेवली, की तीच खूण कधी त्यांना दिसे, कधी दिसत नसे. मेंदूतल्या पेशींचं स्पंदन आधी डोळ्यांपुढच्या खुणेमागे जाई, आणि नंतर त्यातल्या काही पेशी कावळ्याच्या उत्तरामागे जात. म्हणजे आत "दिसलं" असं काहीतरी घडत होतं. २०२० साली हे प्रसिद्ध झालं. तुझ्या सृष्टीतलं एवढं मोठं दार किलकिलं झालं ते त्या दोघांच्या मेंदूत बारीक तारा खोवल्या म्हणून. मी त्या संशोधकांना शाप देऊ शकत नाही आणि त्या तारा विसरूही शकत नाही. त्या दोघांना तू ओळखतोस. त्यांच्याकडे लक्ष असू दे.

ज्ञानोबांच्या विरहिणीने तू येणार का, हे कावळ्यालाच विचारलं होतं. तिने उत्तराची वाट पाहिली. मला तसली वाट पाहायला शिकव. आई तृप्त झाली का, हे मला आजही जाणून घ्यायचं आहे, हे तुझ्यापासून काय लपवू? पण ते ओझं या एवढ्याशा जिवाच्या पाठीवर टाकू नये, एवढी बुद्धी दे. तो वडा घेईल तो भुकेने, सवयीने, की आणखी कशाने, ते त्याचं आणि तुझं.

टाकीवरून तो कठड्यावर आलाय. मान तिरकी करून एका डोळ्याने बघतोय. मी एक पायरी खाली उतरतो.

खालून हिचा आवाज, "अहो, शिवला का?"

"बघतोय," मी म्हणालो, आणि आणखी एक पायरी उतरलो.