भाड्याच्या घराचे मालक होताना



निवृत्तीचे पैसे हाती आले की आपल्यापैकी कित्येकांना वाटते, एखादी छोटी सदनिका घेऊन भाड्याने द्यावी. त्यात वावगे काहीच नाही. काटकसर करून घेतलेली जमीन म्हणजे कामगाराची मजुरीच, फक्त रूप वेगळे, असे पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात मांडले होते. पण मग भाडेकरू दरमहा देतो, तीसुद्धा त्याची मजुरीच नव्हे का?

बुरूज बांधण्याआधी बसून खर्चाचा हिशेब करणाऱ्याचे उदाहरण प्रभू येशूने दिले आहे (लूक १४:२८). आपणही हप्ता, सोसायटीचा देखभाल खर्च, घर रिकामे राहील ते महिने, सारे धरतो. भोगवटा प्रमाणपत्राची चौकशी मात्र टाळतो, कारण त्याविना घर स्वस्तात मिळते! ऑगस्ट २०२५मध्ये विरारला अनधिकृत इमारत कोसळून १७ जणांचा बळी गेला. भाड्याने द्यायच्या घरात आपण राहणार नसतो. तिथे दुसऱ्याची मुले झोपणार असतात.

म्हणून इसारा देण्यापूर्वी मंजूर आराखडा आणि ते प्रमाणपत्र मागून घेऊ या. भाडेकरू आला की करारही नोंदवू या. महाराष्ट्रात ती जबाबदारी कायद्याने घरमालकावरच टाकली आहे.