गुडघ्याची तक्रार आणि उपदेशाचा अखत्यार

गुडघ्याच्या दुखण्यावर इलाज करून घेण्यास आलेल्या मनुष्याशी त्याच्या आहाराविषयी, निद्रेविषयी, व्यसनाविषयी आणि एकंदर जीवनक्रमाविषयी बोलण्याचा अधिकार भौतिकोपचारतज्ज्ञास पोहोचतो काय, हा प्रश्न वरकरणी व्यावसायिक शिष्टाचाराचा भासला, तरी मुळात तो धर्मविचाराचा आहे. कारण दुसऱ्याच्या हिताची काळजी कोठवर वाहावी आणि त्याच्या स्वातंत्र्याची हद्द कोठे लागते, याचाच निर्णय तेथे करावयाचा असतो.

चरकाने वैद्यकाचे प्रयोजन सांगताना निरोग्याचे स्वास्थ्यरक्षण हे रोग्याच्या विकारशमनाआधी मांडले, आणि सुश्रुताने दोष, अग्नी व धातू यांच्या समतेबरोबरच आत्मा, इंद्रिये व मन यांची प्रसन्नताही स्वास्थ्याच्या लक्षणांत धरली. १९४८ साली अमलात आलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या घटनेनेही केवळ रोगाच्या अभावास आरोग्य मानण्याचे नाकारले. या व्याख्यांचा मोठेपणा मला मान्य आहे. परंतु आरोग्य जितके व्यापक मानावे तितका उपचार करणाऱ्याचा अखत्यारही वाढत जातो, आणि अखेर माणसाचे सारे जीवनच केसपेपरवर नोंदण्याजोगी बाब होऊन बसते, ही भीती अनाठायी नाही.

मुंबईच्या कोणत्याही सार्वजनिक रुग्णालयातील बाह्यरुग्ण विभागात सकाळी दिसणारे हे दृश्य पाहावे. साठीची एक बाई खाटेवर पाय पसरून बसली आहे. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली आहे. मांडीचा स्नायू आवळून ती गुंडाळी खाली दाबायची, दहापर्यंत अंक मोजायचे आणि मग पाय सैल सोडायचा. ‘मावशी, श्वास रोखू नका,’ असे शेजारी उभी असलेली तरुण फिजिओथेरपिस्ट सांगते, आणि त्याच वेळी तिला बाईच्या कनवटीची मिश्रीची डबी दिसते. तिने गप्प राहावे काय? डॉक्टरांपुढे त्या बाईस जेमतेम काही मिनिटे मिळाली असतील. येथे मात्र ती आठवड्यामागून आठवडे येते, अर्धा-अर्धा तास बसते, सुनेविषयी बोलते, झोप लागत नाही म्हणून सांगते. एवढा विश्वास पदरी पडल्यावर पाळलेले मौन ही तटस्थता नव्हे, ती कर्तव्यच्युती होय, असे माझे स्पष्ट मत आहे.

मात्र बोलावे कसे, याचे उत्तर या उपचाराच्या स्वरूपातच सापडते. गोळी गिळली की तिचे कार्य रुग्णाच्या उद्यमावाचूनही चालते. स्नायूचे बळ मात्र कोणी कोणास देऊ शकत नाही, ते ज्याचे त्यानेच कमवावे लागते, आणि म्हणून या उपचारात हुकूम निरर्थक ठरतो. गीतेच्या अठराव्या अध्यायात सारे ज्ञान सांगून झाल्यावर श्रीकृष्ण अर्जुनास त्याचा पूर्ण विचार करून आपल्या इच्छेनुसार वागण्यास सांगतो. प्रत्यक्ष भगवंताने जो निर्णय शिष्यावर सोपविला, तो रुग्णाच्या हातून काढून घेण्याचा अधिकार उपचार करणाऱ्यास कोठून येणार? मिश्रीविषयी बोलण्यापूर्वी बाईची परवानगी विचारावी, तिने होकार दिला तर तंबाखूने तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो हे आडपडदा न ठेवता सांगावे, आणि ती सुटली नाही म्हणून पुढच्या खेपेस तिच्या गुडघ्याची हयगय करू नये.

याहून मोठा दोष मला दुसऱ्याच एका वृत्तीत दिसतो. दुखण्यास पूर्वकर्म कारण मानून रोग्यास बोल लावण्याची आपली जुनी खोड आता वजनाच्या व चालण्याच्या हिशेबात शिरली आहे. प्रौढांनी आठवड्यास किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, ही शिफारस योग्यच आहे. परंतु जी बाई चाळीचे तीन जिने चढून पाणी भरते आणि उकिडवी बसून चार घरची भांडी घासते, तिला ‘तुम्ही हालचाल करीत नाही’ असे सुनावणे हा अन्याय आहे. तिला दिवसातून किती वेळा खाली बसावे लागते हे आधी विचारावे, भांडी ओट्यावर किंवा निदान पाटावर बसून घासता येतील काय ते तिच्याबरोबर ठरवावे, आणि गुंडाळीचा व्यायाम नळाला पाणी येण्यापूर्वी अंथरुणातच कसा उरकता येईल ते दाखवून द्यावे.