कान पुढे, गळा मागे

मार्गशीर्षात बाड्यावर थंडी लवकर उतरते. पोस्ट ऑफिसच्या इमारतीवरचे दिवे लागले होते. जयाजीरावांच्या पुतळ्याजवळच्या कठड्यावर आत्या शाल गुंडाळून बसली होती, मांडीवर गजकेचा पुडा. पुण्याकडचे पाहुणे ‘महाराज वाडा’ म्हणतात. आम्ही ग्वाल्हेरच्या लष्कर भागातली मराठी माणसं घरातसुद्धा बाडाच म्हणतो.

“दत्तजयंतीला जमणार नाही म्हणून कळवून टाकते,” मी म्हणाले.

“कारण काय सांगशील?”

“घसा बसलाय.”

“बसलाय का?”

“नाही.”

आत्या काही बोलली नाही. गजकेचा तुकडा मोडून तिने माझ्या हातावर ठेवला.

विसाव्या वर्षापर्यंत मी गाणं शिकले. मग नोकरी, लग्न, मुलं. सत्तावीस वर्षं तंबोरा गवसणीत होता. चार वर्षांपूर्वी तारा बदलून घेतल्या आणि पहाटे बसायला लागले. आता ओळखीच्या एका घरी दत्तजयंतीला वीस मिनिटं गायचं बोलावणं आलं होतं, आणि आठवडाभर माझी झोप उडाली होती.

“आत्या, हे ग्वाल्हेर आहे. इथे शंकर गांधर्व विद्यालय १९१४ पासूनचं, माधव संगीत महाविद्यालय १९१८ पासूनचं. समोर बसलेल्या एखाद्या आजोबांनी कृष्णराव पंडितांना ऐकलेलं असतं. त्यांच्यापुढे मी यमन गाऊ?”

“का? यमनाचं काय वाईट?”

“यमन सगळ्यांना येतो. आपली गायकीच अशी आहे. ओळखीचा राग, सरळ मांडलेली बंदिश. अनवट रागाच्या आडोशाला उभं राहता येत नाही. काल मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐकलं. अंतऱ्यात वरच्या षड्जावर जाताना निषाद किंचित उतरतो. दर वेळी.”

“विसाव्या वर्षी उतरत नव्हता?”

मी आठवून पाहिलं. “उतरत असणार. तेव्हा कळत नव्हता.”

“म्हणजे कान पुढे गेला, गळा मागे राहिला. रियाज करणाऱ्याचं असंच होतं. गळा चार पावलं येतो, तोवर कान आणखी सहा पावलं गेलेला असतो.”

हे ऐकायला बरं वाटलं, म्हणूनच मला ते पुरेसं वाटेना. “कान तयार झाला, कबूल. पण मग मी चांगली श्रोती व्हावं. प्रत्येक शंका भित्रेपणातूनच येते असं कुठे आहे? काही शंका खऱ्याही असतात. मला खरंच येत नसेल तर?”

आत्याने लगेच उत्तर दिलं नाही, हे मला आवडलं. मग ती बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचं सांगू लागली. ते दक्षिणेतून एवढ्या लांब आले, इथे वासुदेवबुवा जोशींकडे शिकले आणि ही गायकी महाराष्ट्रात घेऊन गेले. मी तिला मध्येच थांबवलं. “थोरांच्या गोष्टी नकोत गं. त्या ऐकून मला बळ येत नाही, उलट जीव लहान होतो. ते बाळकृष्णबुवा होते. मी एक्कावन्न वर्षांची नोकरदार बाई.”

“बरं. मग पडद्यामागच्या पोरांचं सांगते.”

ती आख्यायिका लष्करात सगळ्यांना ठाऊक आहे. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये इथे छावणी टाकली, त्या लष्कराचंच हे शहर झालं. त्यांच्या दरबारात बडे महंमद खाँ गात, आणि हद्दू-हस्सू ही दोन भावंडं पडद्याआड बसून त्यांच्या ताना चोरून ऐकत. पुढे एके दिवशी त्याच दरबारात, खुद्द खाँसाहेबांसमोर, ती गायली. खरं-खोटं देव जाणे. आत्याला त्यातलं एकच हवं होतं.

“पडद्याआड किती वर्षं बसले ते कुणी विचारत नाही. पण तिथेच बसून राहिले असते तर त्यांना येतं की नाही, हे त्यांना तरी कळलं असतं का?”

“ती पोरं होती, आत्या.”

“मी पण होते.” तिचा आवाज खाली आला. “एकाहत्तर साली मला बोलावणं आलं होतं. चोवीस वर्षांची होते. म्हटलं, पुढच्या वर्षी, थोडी तयारी होऊ दे. मग दर वर्षी तेच. लोक म्हणायचे, किती विनय आहे हिच्यात. मलाही ते खरं वाटायला लागलं. विनय नव्हता तो. चुकायची लाज होती.”

“कुणी अडवलं नव्हतं?”

“कुणीच नाही. हेच तर सांगतेय. वडिलांनी अडवलं असतं तर रागवायला कुणीतरी असतं.”

कचोरीच्या गाड्यावरून तेलाचा वास येत होता. सराफ्याकडून एक वरात निघाली होती, बॅंडचा ताल आमच्यापर्यंत तुटक पोचत होता. मी तिचे हात बघत होते. चाळीस वर्षं शेजारपाजारच्या पोरांना बंदिशी शिकवणारे हात. मांडीवर अजूनही नकळत ताल धरतात.

“तुझी शंका खरी की खोटी, हे एकटीने ठरत नाही,” ती म्हणाली. “निषाद उतरला हे तुला कळतं, ठीक. पण उतरलेल्या निषादासकट ते गाणं कुणाला ऐकावंसं वाटतं का, हे ऐकणाऱ्याने सांगायचं. तू त्याचं काम स्वतःकडे घेतेस आणि त्याच्या वतीने नाही म्हणून मोकळी होतेस.”

मला हे पटलं, पण पुरतं नाही. ऐकणाऱ्याचाही वेळ असतो; कच्चं गाणं माथी मारणं हाही एक प्रकारचा अन्यायच. ते मी बोलून दाखवलं.

“आहे ना,” आत्या म्हणाली. “म्हणून तर वीसच मिनिटं. आणि म्हणून पहाटेचं बसणं सोडायचं नाही. पण अन्याय होईल या भीतीने मी चोपन्न वर्षं गप्प बसले, त्याने कुणाचं भलं झालं ते सांग.”

मला सांगता आलं नाही.

“म्हण अंतरा,” ती म्हणाली.

“इथे?”

“हळू म्हण. या गलबल्यात कुणाला ऐकू जाणार आहे?”

मी डोळे मिटले आणि तोंडातल्या तोंडात उचललं. रिक्षांचे हॉर्न मध्येच येत होते. वरच्या षड्जापाशी पोचले.

“उतरला,” आत्या म्हणाली.

“माहितीये.”

“थांबलीस का मग? पुढचं म्हण.”