धौलीला न कोरलेला लेख

भुवनेश्वरजवळ दया नदीच्या काठी धौलीची टेकडी आहे. तिथल्या खडकावर सम्राट अशोकाचे लेख आहेत आणि वरच्या बाजूला दगडात घडवलेला हत्ती. हा कलिंगाचा मुलूख. पण ज्या लेखात अशोकाने कलिंगयुद्धाबद्दल पश्चात्ताप व्यक्त केला, तो तेरावा लेख नेमका इथेच नाही. गंजाम जिल्ह्यातल्या जौगढलाही नाही. तो सापडतो डेहराडूनजवळच्या कालसीला किंवा आज पाकिस्तानात असलेल्या शाहबाजगढीला.

त्या लेखातला हिशेब अंगावर काटा आणतो. राज्याभिषेकाला आठ वर्षे झाल्यावर कलिंग जिंकला, तेव्हा दीड लाख माणसे धरून नेली, एक लाख मारली गेली आणि त्याच्या कितीतरी पट माणसे मेली. हे आकडे खुद्द विजेत्याने दिले आहेत. एरवी शिलालेखांत राजे पराक्रम मिरवतात. अशोक मात्र आणखी पुढे जातो. जे स्वतः वाचले, पण ज्यांचे मित्र, सोयरे, सोबती संकटात सापडले, त्यांचा घावही तो नोंदवतो. पश्चात्तापाचा कस लागतो तो इथे. स्वतःला किती वाईट वाटले एवढ्यावर हा राजा थांबलेला नाही.

मग कलिंगातच तो मजकूर का गाळला? जखमा ओल्या होत्या म्हणून टाळला असावा, हा तर्क पटण्याजोगा आहे. तरीही ज्यांची घरे उजाड झाली त्यांच्यासमोर ही कबुली आली नाही, हे उणेच. कलिंग परत दिला नाही. धरून नेलेल्यांना सोडल्याचा उल्लेख नाही. उलट त्याच लेखात रानातल्या लोकांना ताकीद आहे: पश्चात्ताप झाला असला, तरी शिक्षा करण्याचे बळ राजाकडे आहे.

वागणे बदलल्याच्या खुणाही आहेत. पहिल्या लेखात राजाच्या मुदपाकखान्याची नोंद आहे. पूर्वी तिथे रोज लाखो प्राणी मारले जात. आता दोन मोर आणि एक हरीण, तेही हरीण नेहमी नाही. आपल्याकडे सोपाऱ्याला १८८२ मध्ये आठव्या लेखाचा तुकडा मिळाला. शिकारीच्या सहली सोडून धर्मयात्रा सुरू केल्याचे हा लेख सांगतो.

धौली आणि जौगढला तेराव्याऐवजी अधिकाऱ्यांसाठी वेगळे लेख कोरले आहेत. सगळी माणसे माझी लेकरे आहेत, कोणालाही विनाकारण कोंडू नका, छळू नका, असा हुकूम त्यांत आहे. तो पाळला जातो का हे पाहायला दर पाच वर्षांनी अधिकारी फिरणार होता. आणि तिष्य नक्षत्राच्या दिवशी हा लेख वाचून दाखवायचा होता, ऐकायला एकच माणूस असला तरी.