पहाटेचा निवांतपणा आणि माणसांची ओढ

पहाट ही एकट्याची की सर्वांची, हा प्रश्न यात्रेस आलेल्या भाविकास सहसा पडत नाही. मंदिरात काकडआरतीच्या वेळी अनोळखी माणसांच्या मेळ्यात उभे असतानाही त्याचे चित्त स्वतःशी एकरूप झालेले असते. घरी मात्र हे साधत नाही. नोकरीतून वा व्यवसायातून निवृत्त झालेल्या गृहस्थास सकाळी कसलीच घाई नसते. अंगणात ऊन उतरते, चहा निवून जातो, वर्तमानपत्र दोनदा वाचून होते. ज्या सवडीची आयुष्यभर वाट पाहिली ती हाती येते आणि काही महिन्यांतच जड वाटू लागते. मुले पुण्या-मुंबईस, शेजारची दारे बंद. बुलढाणा जिल्ह्यात घाटावर काय आणि घाटाखाली काय, कित्येक घरांत आज हेच चित्र आहे. निवांतपणा आहे, पण तो ज्याच्यासंगे भोगावा असे माणूस नाही.

अशा वेळी पूर्वीच्या काळाची आठवण निघते. ती पूर्णपणे खरी नसते. जुनी पहाट संथ होती ती बहुधा पुरुषांपुरती. घरातील स्त्री कोंबडा आरवण्यापूर्वी जात्यावर बसे. ज्वारी दळल्यावाचून भाकरी होत नसे. जाते जड, म्हणून पुष्कळदा दोघी समोरासमोर बसत आणि एकच खुंटा दोघींच्या हाती असे. त्या श्रमांतून ओवी उमटली. हेमा राईरकर व गी प्वातवँ यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी खेडोपाडी फिरून अशा लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्यांत माहेर आहे, भाऊ आहे, विठ्ठल आहे, तसाच सासुरवासही आहे. (समोर सासूच बसली असता ती ओवी कशी गात असतील, हा प्रश्न अलाहिदा.) पुढे पिठाची गिरणी आली आणि जाते अडगळीत गेले. ते योग्यच झाले. ते कष्ट परत यावेत असे कोणी शहाणा म्हणणार नाही. मात्र कष्टांबरोबर समोरचे माणूसही उठून गेले, त्याची भरपाई गिरणी करू शकली नाही.

पूर्वी संगत गरजेपोटी मिळत असे, आता ती ठरवून मिळवावी लागते. ठरवून जमविलेली संगत कृत्रिम असते, असा आक्षेप घेतला जातो. या आक्षेपास विदर्भातच उत्तर मिळाले आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९-१९६८) प्रातःकाळी सामुदायिक ध्यान व सायंकाळी सामुदायिक प्रार्थना असा परिपाठ गावोगावच्या गुरुदेव सेवा मंडळांना घालून दिला. ध्यान ही वस्तुतः एकट्याने करावयाची गोष्ट. ती त्यांनी सर्वांनी मिळून, ओळीने बसून करावयास सांगितली. तेथे कोणी कोणाशी बोलत नाही. शेजारी कोण बसला आहे, त्याची जात कोणती, शेती किती, हे विचारण्याचे कारण पडत नाही. मौन मोडत नाही आणि एकटेपणाही उरत नाही. एकांत आणि एकाकीपणा यांतील भेद ग्रंथ वाचून जितका कळतो, त्याहून अधिक अशा ओळीत बसून कळतो.

शेगाव हे मुंबई-हावडा लोहमार्गावरील स्थानक असल्याने पुष्कळ भाविक पहाटे उतरतात, दर्शन व महाप्रसाद घेऊन त्याच दिवशी परततात. रांगेत लाभलेली संगत अर्थातच गाडीत बसताच संपते. तिला दोष देता येत नाही, पण तिच्यावर वर्षभर निभावतही नाही. कोजागिरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत गावोगावच्या देवळांत काकडा चालतो. अनेक ठिकाणी तेथे आता चार-पाच वृद्धच उरले आहेत. टाळ खुंटीवर आहेत, धरणारे हात कमी पडतात. काकडा आटोपल्यावर ही मंडळी थंडीत पारावर बसून चहा घेतात. काल कोण आले नाही याची चौकशी तेथेच होते, आणि त्यांपैकी कोणीतरी परतताना त्याच्या घरावरून जातो.