कान दोन्ही शाबूत आहेत ना?

तुला राग आला म्हणे. काहून? पोळ्याला घरी आलास. मित्राला धाम नदीच्या पुलाजवळ नऊला भेटतो म्हणालास आणि उगवलास साडेअकराला. तो म्हणाला, "काहून बे, पुण्यात घड्याळ विकून खाल्लं का?" टपरीवरचे चार जण हसले. झालं! अर्धा चहा टाकून उठलास, ग्रूप सोडलास आणि स्टेटस ठेवलंस, 'सेल्फ रिस्पेक्ट फर्स्ट'. अडीच तास तिष्ठला तो. रिस्पेक्ट नेमका कुणाचा गेला?

'सर, मी सेन्सिटिव्ह आहे.' असशील. मग त्याचे अडीच तास कसे नाही टोचले तुला? 'पण सर, चारचौघांत बे म्हणाला.' अरे, वर्धा जिल्ह्यातलं पोट्टं तू, 'बे' ऐकतच रांगलास. परक्याला आपल्याकडे अहो-जाहो मिळतं, 'बे' जवळच्यालाच मिळतं. हे मी सांगायला हवं? वर्गात तू स्वतः कुणाला सोडलंस? फळ्याकडे वळलो की माझ्या चालीची नक्कल करायचास. ठाऊक होतं मला. बरी करायचास.

आता तुझं ऑफिस बघू. साहेब लिहितो, 'ॲज पर माय लास्ट मेल'. म्हणजे आधी सांगितलेलं टाळक्यात शिरलं नाही का, एवढंच तो विचारतोय. मग 'जेंटल रिमाइंडर' येतो. त्यात जेंटल काय असतं रे? तू काय उत्तर देतोस? 'नोटेड विथ थँक्स'. वर हात जोडल्याचं चित्र. तेव्हा हा स्वाभिमान कुठल्या खुंटीला टांगलेला असतो? पगार देणाऱ्याचा टोमणा गोड आणि चहा पाजणाऱ्याचा कडू! रागाला इतका चोख हिशेब जमतो, हे मला नवीनच.

आणि तुझी स्वतःची जीभ? बहिणीला काय म्हणालास परवा? 'नो ऑफेन्स, पण तुला अक्कल कमी आहे.' ती रडकुंडीला आली, तर 'जस्ट जोकिंग'. तरी गप्प होईना, तर 'चिल' आणि 'डोन्ट टेक इट पर्सनली'. तिला म्हटलेलं तिनं पर्सनली घ्यायचं नाही, तर काय ग्रामपंचायतीनं घ्यायचं? आधी दगड मारायचा आणि वर इंग्रजीत फुंकर घालायची. पुन्हा तिलाच सांगायचं, तुला विनोद कळत नाही.

खरं दुखणं निराळंच आहे, आणि ते तुला माहीत आहे. बाबांच्या शेताची ई-पीक पाहणी तू करणार होतास. धुऱ्यावर जायचं, कपाशीचा फोटो काढायचा, ॲपमध्ये भरायचं. चार ओळींत कोड लिहिणाऱ्याला हे जड आहे का? शनिवारी ऊन होतं. रविवारी पाऊस. सोमवारी रेंज नव्हती, सिनेमा मात्र डाउनलोड झाला. शेवटी बाबा म्हणाले, "बैल आहेस." तू दुखावलास. खोलीचं दार लावून घेतलंस. जेवायलाही उठला नाहीस. अरे, अपमान झाला असेल तर बैलाचा झाला. त्यानं वखर ओढला, डवरा ओढला, तेव्हा पोळ्याला त्याच्या शिंगांना बेगड लागली. तू काय ओढलंस? चादर?

रुसलं की काम टळतं, हे तुला फार लवकर सापडलंय. दुखावलेल्या माणसाला कुणी काम सांगत नाही, उलट समजूत काढायला येतात. ताट खोलीत येतं. मोठी सोयीची जखम आहे तुझी, काम निघालं की ठणकते.

तू पवनारचा म्हणून आणखी सांगतो. विनोबांच्या परमधाम आश्रमात खेळलास लहानपणी. 1953च्या सप्टेंबरात विनोबा तेव्हाच्या बिहारात देवघरला होते. हरिजनांना घेऊन वैद्यनाथाच्या मंदिराकडे गेले, तर पंड्यांनी सगळ्यांना बदडलं. विनोबांच्या डाव्या कानावर घाव बसला, तो कान पुढे गेलाच. तरी मारणाऱ्यांना शिक्षा नको, असं ते म्हणाले. तुझ्या कानावर काय बसलं? 'बे'! आणीबाणीत त्यांनी 'अनुशासन पर्व' असं लिहिलं, त्यावरून 'सरकारी संत' म्हणून देशभर हिणवलं गेलं त्यांना. त्या बाबतीत मीही त्यांच्या बाजूचा नाही. पण म्हातारा दार लावून बसला नाही. आणि 1959 साली त्यांनी इथंच ब्रह्मविद्या मंदिर काढलं. बायकांनी चालवलेलं, कुणी प्रमुख नाही, निर्णय सर्वांच्या संमतीनं. तिथं एखादी तुझ्यासारखी फुगून बसली तर संध्याकाळची भाजीसुद्धा ठरायची नाही.

तू मठ्ठ असतास तर इतका वेळ घालवला नसता तुझ्यावर. गणितात माझी चूक भर वर्गात दाखवणारा तू. तेव्हा मी रुसून स्टाफरूममध्ये बसलो होतो का?

पीक पाहणीची मुदत दोन दिवसांवर आलीय. उठ, पायात काहीतरी घाल आणि धुऱ्यावर जा. येताना त्या मित्राकडे जाऊन ये. 'सॉरी यार' असं टाइप करून भागवू नकोस. समोर बस, चहाचे पैसे दे आणि चार शिव्या निमूट ऐकून घे. बहिणीचं काय करायचं ते तुझं तू बघ, पण इंग्रजीत नको.

आणि 'सर, आय ॲम हर्ट' असा मेसेज करणार असशील, तर मराठीत कर. शुद्धलेखन तपासून परत पाठवतो.