चार देहांचा एक धनी

एकच चित्त एकाच वेळी अनेक देहांत वावरू शकते काय, आणि वावरू शकत असेल तर त्या देहांच्या समुदायाला अनेक म्हणावे की एक, हा प्रश्न आपल्या दर्शनकारांनी केवळ कुतूहलाखातर नव्हे, तर मोक्षविचाराच्या ओघात, पूर्ण गांभीर्याने हाताळलेला आहे. पतंजलींच्या योगसूत्रांतील कैवल्यपादाच्या आरंभीच तो उपस्थित होतो: सिद्ध योग्याने आपल्या अस्मितेतून अनेक चित्ते निर्माण केली, तरी त्या सर्वांना प्रवृत्त करणारे चित्त एकच असते, असा तेथे निर्णय दिलेला आहे. मांधात्याच्या पन्नास कन्यांशी विवाह करून पन्नास रूपांनी त्यांच्या पन्नास प्रासादांत एकाच वेळी नांदणाऱ्या सौभरी ऋषीची विष्णुपुराणातील कथा या सिद्धांताचे उदाहरणच म्हणावी लागेल. ब्रह्मसूत्रांच्या अखेरच्या पादावर भाष्य करताना शंकराचार्यांनी तर हा प्रश्न अधिकच धारदार केला आहे; मुक्त पुरुषाने धारण केलेले ते इतर देह लाकडी यंत्रासारखे निर्जीव समजायचे, की तुमच्याआमच्या देहांप्रमाणे सात्म, असे विचारून, एका दिव्याने अनेक दिव्यांत शिरावे तसा तो त्यांत शिरतो, असे उत्तर त्यांनी सूत्रकारांच्या आधारे दिले आहे.

या जुन्या प्रश्नाची प्रत्यक्ष रुजुवात करून पाहण्याची सोय आज ज्या ठिकाणी उपलब्ध आहे, ते ठिकाण विद्वानांच्या नजरेखालून सहसा जात नाही. सुपरहिरोंच्या संघाला हाताशी धरून खेळायचे जे व्हिडिओ गेम गेल्या काही दशकांत निघाले, त्यांच्याविषयी मी बोलत आहे. त्यांची तुलना करणारे लोक चित्रे कोणाची सरस, मारामारी कोणाची चुरशीची, नायकांची संख्या कोणात मोठी, एवढ्यावरच बहुधा थांबतात. माझ्या मते त्यांच्यातला खरा भेद निराळाच आहे, आणि तो तत्त्वज्ञानाच्या इलाख्यात मोडतो: संघातील जो घटक तुमच्या हुकमतीखाली नाही, त्याच्याविषयी त्या त्या खेळाची धारणा काय आहे, हा तो भेद होय.

रेव्हन सॉफ्टवेअरने २००६ साली तयार केलेला ‘मार्व्हल: अल्टिमेट अलायन्स’ हा खेळ घ्या. वीसहून अधिक नायकांतून खेळणाऱ्याने चार निवडायचे, आणि त्या चौघांना घेऊन डॉक्टर डूमच्या कारस्थानाचा पाठलाग करीत पाताळापासून देवलोकापर्यंत हिंडायचे, अशी त्याची रचना. समजा, कॅप्टन अमेरिका शत्रूंच्या गर्दीत ढाल फेकतो आहे आणि तो म्हणजे या घटकेला तुम्ही आहात. अंगठ्याखालचे दिशेचे बटण दाबताच, निमिषार्धही न जाता, तुम्ही स्टॉर्म झालेले असता आणि वारा-विजांवर तुमचा अंमल सुरू झालेला असतो. परंतु तुम्ही सोडून गेलेला कॅप्टन निश्चेष्ट पडत नाही. यंत्राने दिलेल्या शिकवणुकीनुसार तो ढाल फेकीतच राहतो, आणि जरा बारकाईने पाहिले तर जाणवते, की त्याची चाल किंचित बोथट झाली आहे, संकटात तो तुमच्याइतका सावध नाही, आणि तरीही दुरून पाहणाऱ्याला त्याच्यात काही पालट झाल्याची शंकादेखील येणार नाही. तुमचा वावर असलेला देह पडला, तर तुम्ही दुसऱ्यात जाता. देहांतराची ही घटना इतक्या सहजतेने घडते, की पाच मिनिटांत तिची नवलाई संपून जाते.

पतंजलींनी वर्णिलेला एक प्रयोजक आणि त्याची निर्माणचित्ते ती हीच, असे म्हणण्यास माझी हरकत नाही. परंतु मग याला संघ म्हणता येणार नाही, हेही त्याच श्वासात कबूल केले पाहिजे. मेफिस्टोच्या राज्यात या खेळाने एक विलक्षण प्रसंग घातला आहे. जीन ग्रे आणि नाइटक्रॉलर हे दोघेही तेथे बंदिवान असून त्यांपैकी एकालाच वाचवता येते. निवड तुमची. ज्या चौघांच्या डोळ्यांदेखत हे घडते त्यांच्यात कदाचित वुल्व्हरिन असेल, ज्याचे जीनवरील प्रेम जगजाहीर आहे; परंतु तो थांबवीत नाही, विनवीत नाही, त्या निर्णयाला त्याची संमती असल्याचे वा नसल्याचे कोठेही नोंदवले जात नाही. खेळाच्या अखेरीस द वॉचर या नावाचा एक वैश्विक साक्षी तुमच्या कृत्यांचे दूरवरचे परिणाम सांगतो, ही कल्पना उदात्त आहे आणि कर्मफलाच्या आपल्या विचाराशी तिचे नातेही आहे. मात्र ज्यांच्या हातून ते कर्म करवून घेतले, त्या चौघांचे त्या फलाशी काही देणेघेणे राहत नाही, आणि ज्याने ते करविले तो तर पडद्याच्या अलीकडे सुरक्षित बसलेला असतो.

नकार देण्याचा अधिकार ज्यात कोणालाच नाही अशा समुदायाला आपल्या परंपरेने कधी संघ मानलेले नाही. विनयपिटकात संघकर्माचा जो विधी घालून दिला आहे, त्यात महत्त्वाचा प्रस्ताव मांडल्यावर तीन वेळा विचारणा करायची, ज्याला मान्य असेल त्याने मौन धरायचे, मान्य नसेल त्याने बोलायचे, असा दंडक आहे. त्या मौनाला मोल येते ते बोलण्याची मुभा असते म्हणूनच. महाभारताचे युद्ध तर नकारांनीच भरलेले आहे. भीष्म पडेपर्यंत कर्ण शस्त्र उचलीत नाही, बलराम दोन्ही पक्ष सोडून तीर्थयात्रेस निघून जातो, आणि युधिष्ठिराने भर रणभूमीवर आवाहन करताच धृतराष्ट्राचाच पुत्र युयुत्सू पांडवांकडे चालत येतो. कथेला युद्धाची कथा न ठेवता धर्माची कथा करणारे प्रसंग हेच आहेत.

‘अल्टिमेट अलायन्स’चा दुसरा भाग २००९ साली व्हिकेरियस व्हिजन्सने तयार केला, आणि त्याला आधार घेतला तो मार्क मिलर यांच्या २००६-०७ मधील ‘सिव्हिल वॉर’ या चित्रकथेचा. स्टॅमफर्ड येथील स्फोटात निरपराध माणसे बळी पडतात, सरकार सुपरहिरोंच्या सक्तीच्या नोंदणीचा कायदा करते. जो सनद घेईल त्यानेच लढावे, बाकीच्यांनी कैदेची तयारी ठेवावी, असा मामला. आयर्न मॅन कायद्याच्या बाजूने, कॅप्टन अमेरिका विरुद्ध. राजाज्ञा आणि स्वधर्म यांचा याहून रोखठोक झगडा लोकप्रिय वाङ्मयात क्वचितच सापडेल. चित्रकथेतील स्पायडर-मॅन सरकारच्या शब्दाखातर जगासमोर मुखवटा उतरवतो, पुढे आपण चुकीच्या बाजूस आहोत हे उमजून यातना भोगत पक्ष बदलतो, आणि त्या सबंध कथानकाचे हृदय मला तेथेच वाटते. खेळातला स्पायडर-मॅन मात्र तुम्ही जो पक्ष घ्याल त्यात निमूटपणे हजर होतो. ज्या प्रश्नाने एका माणसाचे आयुष्य चिरले, त्या प्रश्नाला खेळात त्याचे स्वतःचे असे उत्तरच उरत नाही.

पण याच खेळात, कर्त्यांच्या ध्यानी आले असो वा नसो, एक फार खोल गोष्ट येऊन गेली आहे. खलनायकांना काबूत ठेवण्यासाठी त्यांच्या शरीरांत जे सूक्ष्म यंत्रकण सोडले जातात, त्यांना पुढे स्वतःचे मन फुटते, आणि द फोल्ड नावाचे ते एकच मन देहामागून देह गिळीत सुटते. त्याचे म्हणणे एवढेच, की सर्वांनी एक व्हावे. दोन्ही पक्षांचे नायक आपापला वाद तहकूब ठेवून या एकजीव राक्षसाविरुद्ध उभे राहतात. आता विचार करा: अनेक देहांत शिरून त्यांना आपल्या इच्छेने चालवणारे, त्यांची संमती न विचारणारे, एका देहाचा नाश होताच दुसऱ्यात जाणारे एक मन, हे वर्णन फोल्डला लागू पडते, आणि हाती कंट्रोलर धरून एकट्याने खेळत बसलेल्या माणसालाही ते अक्षरशः लागू पडते. ज्या अपराधाबद्दल खेळ राक्षसाला शासन करतो, त्याच अपराधाची मुखत्यारी त्याने खेळणाऱ्याला देऊन ठेवलेली आहे. ही विसंगती लपवण्याजोगी नाही. २०२४ मध्ये रॉकस्टेडीने काढलेल्या ‘सुसाइड स्क्वॉड’मध्ये तीच निराळ्या रूपाने दिसते. तेथे ब्रेनियाकने मती हरण केलेली जस्टिस लीग शत्रुपक्षात आहे, आणि तिच्यावर चालून जाणारे चौघे स्वतः शरीरात बसवलेल्या स्फोटकाच्या धाकाने राबत आहेत; दोन्हीकडे वेठबिगारी, फरक केवळ धन्याचा.

याच्या उलट बाजूस मी आयडॉस-मॉन्ट्रियलचा २०२१ मधील ‘गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी’ ठेवतो. येथे तुम्ही पीटर क्विल, आणि शेवटपर्यंत तेवढेच. गमोरा, ड्रॅक्स, रॉकेट आणि ग्रूट यांना तुम्ही सूचना देऊ शकता, त्यांच्यात शिरू शकत नाही. एका जागी खिंडार ओलांडण्यासाठी ड्रॅक्स चिमुकल्या रॉकेटला उचलून पलीकडे भिरकावू पाहतो. तुम्ही होकार दिलात तर काम होते, परंतु त्या अपमानाची सल रॉकेट मनात धरून राहतो आणि पुढे बोलूनही दाखवतो. लढाई हातघाईवर आली की क्विल सर्वांना जवळ बोलावतो. ते भोवती गोळा होतात, आपापल्या मनातले बोलतात, कोणी खचलेला असतो, कोणी विजयाच्या कैफात असतो, आणि दोन उत्तरांपैकी एक तुम्हाला निवडायचे असते. तुम्ही नीट ऐकले असेल तर पाचही जणांना बळ चढते. न ऐकता भाषण ठोकले असेल तर ते चढते एकट्या क्विलला. नेतृत्वाविषयी इतके सूक्ष्म आणि सत्य विधान या प्रकारच्या दुसऱ्या कोणत्याही खेळात मी पाहिलेले नाही.

या खेळातील शत्रूदेखील एक धर्मपीठ आहे. युनिव्हर्सल चर्च ऑफ ट्रूथचा प्रमुख रेकर प्रत्येकाला त्याचे गमावलेले प्रियजन परत मिळाल्याचा भास देतो आणि त्या बदल्यात त्याची श्रद्धा वसूल करतो. पत्नी आणि कन्या यांच्या मृत्यूने होरपळलेला ड्रॅक्स त्या भासात विरघळून जातो. सोबती त्याच्या मनात उतरतात, पण त्याला ओढून बाहेर काढीत नाहीत. त्या दोघी आता नाहीत हे त्याने स्वतः उच्चारावे, स्वतः निरोप घ्यावा, तोवर ते त्याच्याजवळ उभे राहतात.

यावर अद्वैती म्हणेल, की परमार्थतः कर्ता एकच आहे, भेद हा आभास आहे, तेव्हा एक मन अनेक देह चालवते म्हणून एवढा आक्षेप कशाला? हा आक्षेप मी हलका लेखत नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायात, ईश्वर सर्व भूतांच्या हृदयात राहून त्यांना यंत्रावर चढवल्याप्रमाणे फिरवतो, असे स्पष्टच म्हटले आहे, आणि त्या श्लोकावर थांबणाऱ्याला हे जग म्हणजे परमेश्वराचा ‘अल्टिमेट अलायन्स’ वाटल्यास नवल नाही. परंतु त्यानंतर दोनच श्लोकांनी तोच वक्ता अर्जुनाला सांगतो, की सारे तुझ्यापुढे ठेवले, आता पूर्ण विचार कर आणि तुझ्या इच्छेस येईल तसे कर. ज्याच्या हाती सर्व यंत्रांच्या कळा आहेत, तो नेमक्या निर्णयाच्या क्षणी कळेवरचा हात काढून घेतो. ज्ञानदेवांपासून पुढे आमच्या संतांनीही अद्वैत मान्य करून त्यात भक्तीला जागा ठेवली ती याच कारणाने: प्रेमाला दुसरा लागतो, आणि तो दुसरा सामर्थ्याच्या जोरावर पुसून टाकणे हे ईश्वरालाही रुचलेले दिसत नाही.

अर्थात क्विलचे सोबतीही लेखकांनी आधीच लिहिलेले आहेत, त्यांचा रुसवा हा पूर्वरचित रुसवा आहे, हे मी विसरलेलो नाही. ‘गार्डियन्स’ हे दुसऱ्याच्या स्वातंत्र्याचे चित्र आहे, ते स्वातंत्र्य नव्हे. तिबेटी भाषांतराच्या रूपाने आज उपलब्ध असलेल्या ‘सन्तानान्तरसिद्धी’ या लहानशा ग्रंथात धर्मकीर्तींनी सातव्या शतकात असे अनुमान मांडले, की माझ्या हालचालींमागे जशी माझी इच्छा असते तशीच तुझ्या हालचालींमागे तुझी असली पाहिजे. यंत्राने चालणारा कॅप्टन अमेरिका या अनुमानाला जबर धक्का देतो, कारण त्याची हालचाल हेतुपूर्ण दिसते आणि मागे इच्छा कोणाचीच नसते. पण त्याच खेळात शेजारी बसलेल्या बहिणीने दुसरा कंट्रोलर हाती घेतला, की पडद्यावर काहीही न बदलता सर्व बदलून जाते; स्टॉर्म आता तुमचे ऐकेलच असे नाही, ती भलत्या दाराने जाईल, जीनला नको नाइटक्रॉलरला वाचव म्हणून हटून बसेल. कोनामीच्या १९९२ मधील ‘एक्स-मेन’च्या यंत्रापुढे एका वेळी सहा जणांना उभे राहता येत असे, आणि चित्रांचा व कथेचा सारा ओबडधोबडपणा जमेस धरूनही, संघाच्या कसोटीवर तो खेळ पुढच्या कित्येक भपकेबाज खेळांपेक्षा वरचढ ठरतो.

म्हणून माझा निवाडा असा: एकट्यालाच खेळायचे असेल तर ‘गार्डियन्स’ घ्यावा. ‘अल्टिमेट अलायन्स’ हा थोर खेळ आहे, पण तो चौघांचा आहे. ज्यांच्या घरी असेल त्यांनी तो एकट्याने खेळू नये.